हार्ड डिस्क उडाली तर घरचा कॉम्प्युटर पुन्हा उभा कसा करायचा? तयारी आजच करा

तुमचा प्रश्न मला असा समजला. घरी सहा वर्षांपूर्वी जुळवून घेतलेला डेस्कटॉप आहे, त्यात १ टीबीची एकच हार्ड डिस्क आणि विंडोज १०. वडील त्यावर काही दुकानांचे हिशेब टॅलीत लिहितात, आईने जात्यावरच्या ओव्या श्रीलिपीत टाइप करून ठेवल्या आहेत, शिवाय घरचे सगळे फोटो. या सगळ्याची एक कॉपी डी ड्राइव्हवर आहे. मुलीकडे विंडोज ११ असलेला नवा लॅपटॉप आहे. शेजाऱ्यांची डिस्क अचानक गेली, तशी आपली गेली तर एका दिवसात काम पुन्हा सुरू व्हावं म्हणून आत्ता काय करून ठेवावं, आणि दोन डिस्क रेडमध्ये (दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिलं जाईल अशा) लावल्या तर बॅकअपची गरज उरते का, असं तुम्ही विचारलंय.

आधी डी ड्राइव्हचं बोलू. मी कॉम्प्युटर दुरुस्तीत बरीच वर्षं आहे आणि "डेटा डीला आहे, सेफ आहे" हे वाक्य मला आजही आठवड्याला ऐकू येतं. सी आणि डी हे एकाच कपाटाचे दोन कप्पे आहेत. विंडोज करप्ट झालं आणि सी फॉरमॅट मारावी लागली, तर डी वाचते. तेवढ्यापुरती ही पद्धत बरोबर आहे, म्हणूनच ती घरोघरी रुजली. पण डिस्कच्या आत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते हेड किंवा मोटर गेली की सी, डी, ई सगळं एकदम जातं. खात्री करायची असेल तर विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडा. 'डिस्क ०' लिहिलेल्या एकाच पट्टीत सी आणि डी शेजारी शेजारी दिसतील. तेव्हा तुमच्याकडे आज बॅकअप नाही, असं धरूनच पुढे जाऊ.

तयारीसाठी एक प्रसंग डोळ्यांसमोर ठेवा. सकाळी बटण दाबलं, काळ्या पडद्यावर बूट करायला डिस्क सापडत नाही असा संदेश आला. तुम्ही दुकानातून नवी कोरी डिस्क आणून बसवली. आता ती कोरी डिस्क कालच्यासारखी चालू करायला हातात काय हवं? स्वतःचा डेटा हवा, विंडोज आणि प्रोग्राम परत टाकायचं साधन हवं, आणि त्या प्रोग्रामांचे सीरियल नंबर, खाती, पासवर्ड हवेत. बहुतेक लोक फक्त पहिल्याचा विचार करतात आणि एक दिवसाचं काम आठवड्यावर जातं ते उरलेल्या दोन्हींमुळे.

डिस्क आधी इशारा देते का? कधी कधी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम टाकून पाहा. तो डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद दाखवतो, तिला स्मार्ट म्हणतात. वर निळा 'गुड' दिसला तरी खालच्या यादीतल्या तीन ओळी बघा: रीअलोकेटेड सेक्टर्स, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर. तिन्ही ठिकाणी शून्य असावं. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असेल, तर डिस्कला काही जागा वाचता येत नाहीयेत. हे उत्तर वाचणं थांबवा आणि आधी कॉपी सुरू करा. मात्र शून्य म्हणजे हमी नव्हे. २००७ मध्ये गूगलने आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. एसएसडीचं, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपवाल्या डिस्कचं, तर बहुतेकदा असंच होतं: आवाज नाही, संथपणा नाही, रात्री चालू होती आणि सकाळी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगमध्ये) तिचं नावच नाही.

आता खरेदी. २ टीबीच्या दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. एक घरी राहील, दुसरी दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी भावाकडे किंवा बहिणीकडे, आणि दिवाळीत-गणपतीत जाणं होईल तेव्हा अदलाबदल करायची. पैसे एकाचेच असतील तर आज एक घ्या, पण घ्या. बॅकअपसाठी एसएसडी किंवा पेन ड्राइव्ह नको. वीज न मिळता त्या कपाटात पडून राहिल्या की त्यांच्यातला चार्ज हळूहळू झिरपतो आणि उन्हाळ्यात हे लवकर होतं. घरच्या बॅकअपला अजूनही फिरती हार्ड डिस्कच बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिस्क मागच्या निळ्या यूएसबी पोर्टला लावा. निळा सहसा यूएसबी ३ असतो. १ टीबी भरायला तिथे साधारण तीन तास लागतात, जुन्या यूएसबी २ पोर्टवर आठ-नऊ तास. फॉरमॅट एनटीएफएस ठेवा. एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि लग्नाचा एखादा व्हिडिओच तेवढा असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा. सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअरलाही (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसलाही) सापडते आणि पावसाळ्यात लाइनवरून आलेल्या विजेच्या झटक्यालाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

डेटा कुठे कुठे आहे हे शोधायला एक संध्याकाळ द्या. फोटो आणि डॉक्युमेंट्स सगळ्यांना आठवतात. डेस्कटॉपवर टाकलेल्या फाइली, डाउनलोड्समध्ये पडलेली सातबाऱ्याची आणि विम्याची पीडीएफ, ब्राउझरचे बुकमार्क, आउटलुक वापरत असाल तर त्याची पीएसटी फाइल, हे राहून जातं. टॅलीप्राइमचा डेटा मूळ सेटिंगमध्ये सी ड्राइव्हवर पब्लिक युजरच्या फोल्डरमध्ये असतो. डी ड्राइव्ह मनापासून कॉपी करणाऱ्यांचा नेमका तोच सुटतो. टॅलीत कंपनी उघडून डेटा कॉन्फिगरेशनमध्ये पाहा, नेमका रस्ता तिथे लिहिलेला दिसेल. बॅकअप टॅलीच्या स्वतःच्या बॅकअप पर्यायातून घ्या. फोल्डरच कॉपी करायचा असेल तर आधी टॅली पूर्ण बंद करा. कंपनी उघडी असताना उचललेला फोल्डर अर्धवट निघू शकतो आणि हे कळतं नेमकं रिस्टोअर करताना. बॅकअपच्या फोल्डरला तारीख द्या आणि जुने लगेच पुसू नका. महिन्यापूर्वी चुकून उडालेली व्हाउचर परत मिळवायची तर महिन्यापूर्वीची कॉपीच लागते.

आईच्या ओव्यांबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण इथे फाइल वाचूनही मजकूर हरवतो. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारा, नसतो. फाइलच्या आत असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्यांना मराठीचा आकार देतो तो फाँट. नव्या विंडोजवर ती फाइल उघडा, पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांनी घराण्याची वंशावळ अशीच टाइप केली होती, नवीन कॉम्प्युटरवर फाइल उघडली आणि ती खराब झाली असं समजून ते पुसायला निघाले होते. त्यांच्या जुन्या मशीनच्या विंडोजमधल्या फाँट्स फोल्डरातून तो एक फाँट आणून टाकला, फाइल बंद करून पुन्हा उघडली, आणि खापरपणजोबांच्या नावापासून सगळं जागच्या जागी आलं. म्हणून तुम्ही तीन कामं करा. फाँट्स फोल्डरातले मराठी फाँट बॅकअपमध्ये घ्या. ओव्यांच्या प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा, आणि पीडीएफ करताना फाँट आत बसवायचा पर्याय चालू आहे ना ते बघा. मग ती कुठेही तशीच दिसेल. सवडीने मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टर तिथेच चुकतात. श्रीलिपीचं डोंगल (प्रोग्राम चालायला कॉम्प्युटरला लावावी लागणारी चावी) असेल तर ते जपा. ते हरवलं तर सीडी असून उपयोग नाही.

गूगलवर १५ जीबी आणि वनड्राइव्हवर ५ जीबी फुकट मिळतात. टॅलीचा बॅकअप, ओव्या, महत्त्वाचे कागद यांना ते पुरेसे आहेत आणि त्यासाठी जरूर वापरा. पण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते, इथे बिघडली की तिथे बिघडलेलीच पोचते. रिसायकल बिनमध्ये ती काही दिवस मिळते एवढंच. आणि सगळे फोटो नेटवरूनच परत आणायचे म्हटलं, तर ५० एमबीपीएसच्या कनेक्शनवर ५०० जीबी उतरायला अखंड बावीस तास लागतात. तुमची अट एका दिवसाची आहे.

आता सिस्टम. विंडोज नव्याने टाकता येतं, पण टॅली, श्रीलिपी, प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर हे सगळं पुन्हा बसवायला खरा वेळ जातो. म्हणून संपूर्ण डिस्कची इमेज घ्या, म्हणजे विंडोज, प्रोग्राम, सेटिंग सगळ्यासकट. विंडोजमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' नावाने एक सोय आहे, पण मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच तिच्यावरचं काम थांबवल्याचं सांगून दुसरे प्रोग्राम वापरायला सुचवलं. मॅक्रिअम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती जुन्या लेखांत सापडेल, तीही आता बंद आहे. तुमच्यासाठी मी रेस्क्यूझिला सुचवेन. तो मोफत आहे, पेन ड्राइव्हवरून बूट होतो, खिडक्या-बटणांचा आहे, आणि ज्या पेन ड्राइव्हवरून इमेज घेतली त्याच पेन ड्राइव्हवरून ती परत टाकता येते. विंडोजच्या आतून ठरलेल्या वेळी आपोआप इमेज घ्यायची असेल तर वीमचा विंडोजसाठीचा मोफत एजंट चांगला आहे. त्याचा रिकव्हरी पेन ड्राइव्ह मात्र टाकल्याबरोबर बनवा.

रेस्क्यूझिला वापरण्याआधी एक गोष्ट. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावरही विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतं, अर्धवट झोपलेलं असतं, आणि त्या अवस्थेतली इमेज घेऊ नये. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, किंवा रीस्टार्ट करून थेट पेन ड्राइव्हवरून बूट करा. बूट मेन्यूची कळ कंपनीगणिक बदलते: डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, असूसच्या मदरबोर्डला एफ८. तुमची कोणती ते आजच करून बघा. दर तीन-चार महिन्यांनी, किंवा मोठं सॉफ्टवेअर टाकलं की, नवी इमेज पुरते. डेटाची कॉपी मात्र आठवड्याला, आणि टॅलीची रोज संध्याकाळी.

इमेजशिवाय ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा करून ठेवा. इमेज दगा देईल तर यावरून कोरं विंडोज टाकता येतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे तुमचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत असेल तर आधी अपग्रेड करा आणि त्यानंतरच इमेज घ्या, नाहीतर काम दोनदा होईल. डिस्क बदलल्याने विंडोजचं लायसन्स जात नाही. डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं.

चाव्यांसाठी एक वही करा. वहीच, कॉम्प्युटरमधली फाइल नको. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल खात्याचे ई-मेल आणि त्यांचे रिकव्हरी कोड, टॅलीचा सीरियल नंबर आणि तो कोणत्या ई-मेलवर नोंदवला आहे ते, ऑफिसचं लायसन्स कोणत्या खात्यात आहे, वाय-फायचा पासवर्ड, मदरबोर्डचं मॉडेल, बूट मेन्यूची कळ. वडिलांच्या टॅलीचं खातं अनेक घरांत ज्या दुकानदाराने टॅली टाकून दिली त्याच्याच ई-मेलवर असतं. तुमच्याकडे तसं असेल तर आजच बदलून घ्या.

यानंतरची पायरी बहुतेक जण सोडतात आणि मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते: रिस्टोअर करून बघणं. तुमच्या बाबतीत ते फायद्याचंही आहे. सहा वर्षांची हार्ड डिस्क तशीही बदलायला आली आहे. १ टीबीची एसएसडी घ्या. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा, जुन्या डिस्कच्या दोन्ही केबल सोडवा, त्याच केबल नव्या एसएसडीला लावा. पेन ड्राइव्हवरून बूट करा, एक्स्टर्नल डिस्कवरची इमेज नव्या एसएसडीवर उतरवा. नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी असावी लागते. इथे लेबलवरचा १ टीबी दोन्हीकडे असला तरी एसएसडीची खरी क्षमता बघा. ९६० जीबीची चालणार नाही. पहिल्यांदा विंडोज सुरू करताना जुनी आणि नवी डिस्क एकत्र जोडू नका. दोघींची ओळखखूण सारखी झालेली असते, त्यामुळे विंडोज गोंधळतं आणि एकीला ऑफलाइन टाकतं. मग टॅली उघडून गेल्या आठवड्याची व्हाउचर बघा, ओवीची एक फाइल उघडा, जुन्यातला जुना फोटो उघडा, एक प्रिंट काढा. हे सगळं झालं तर तुमची तयारी खरी. कॉम्प्युटर एसएसडीवरच चालू ठेवा, वेगातला फरक लगेच जाणवेल, आणि जुनी डिस्क तारीख लिहून बाजूला ठेवा.

तयारी पूर्ण होण्याआधीच डिस्क कुरकुरायला लागली, तर काय करू नये तेही सांगतो. टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका. हेड तबकडीवर घासत असेल तर प्रत्येक मिनिटाला डेटा खरवडला जातो. चेकडिस्क चालवू नका, ते मरणाऱ्या डिस्कला सगळीकडे वाचायला आणि लिहायला लावतं. रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकू नका. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका, आत दव धरतं. डिस्क घरी किंवा गल्लीतल्या दुकानात उघडू देऊ नका. त्यासाठी धूळमुक्त खोली लागते. डिस्क वाचता येत असेल पण अडखळत असेल, तर जाणत्याकडून जीएनयू डीडीरेस्क्यूने तिची प्रत काढून घ्या. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागांकडे नंतर येतो, आणि कुठपर्यंत आला याची नोंद ठेवतो. वॉरंटीत कंपनी डिस्क बदलून देते, डेटा देत नाही. रिकव्हरी लॅबचा खर्च नव्या डिस्कच्या अनेक पट जातो आणि तरीही यशाची खात्री कोणी प्रामाणिक माणूस देत नाही.

रेडबद्दल. दोन डिस्कचं रेड १ म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिणं. एक गेली तर काम थांबत नाही, हा त्याचा खरा उपयोग. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी जाते, रॅन्समवेअर दोन्ही कुलूपबंद करतं, आणि एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या आतला वीज पुरवणारा डबा) बिघडून जास्त व्होल्टेज आलं तर दोन्ही एकत्र जळतात. तुमच्या घराला त्याची गरज नाही. ते पैसे दुसऱ्या एक्स्टर्नल डिस्कवर आणि एका बऱ्या यूपीएसवर घाला. लाइट जाताना अर्धवट राहिलेलं लिखाण टॅलीचा डेटा बिघडवतं आणि यूपीएस ते टाळतो.

मुलीचा लॅपटॉप वेगळ्या तऱ्हेने अडवतो. विंडोज ११ असलेल्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की डिस्क बहुतेक वेळा न विचारता एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. बोर्ड बदलला, बायोस अपडेट झालं किंवा डिस्क काढून दुसरीकडे लावली, की ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही डेटा कुणालाही उघडता येत नाही, लॅबलाही नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, तिथे डिस्क काढून वाचायचा रस्ताच नाही, म्हणून तिचा बॅकअप तुमच्यापेक्षाही नियमित हवा. तिच्यासाठी विंडोजचा पेन ड्राइव्ह कराल तेव्हा लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून वाय-फायचा आणि इंटेलच्या स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून त्यातच ठेवा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर हा स्टोरेजचा ड्रायव्हर दिल्याशिवाय विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही. रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्याच्या साइटवर डिव्हाइसेसमध्ये मिळेल. आज रात्री तिला लॉग-इन करायला सांगा, की प्रिंट करा, तुमच्या वहीत चिकटवा. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.